फतकल मारून बसलेलं विमान: पायपर कबचे ढिले पाय पुन्हा उभे करताना

हँगरचं दार उघडतानाच कळतं. पिवळं विमान आत असतं, पण ते उभं आहे असं काही म्हणवत नाही. दोन्ही चाकं खालच्या बाजूनं बाहेर फाकलेली, माथे एकमेकांकडे कललेले, पोट जमिनीकडे आलेलं. दमून आलेल्या माणसानं भिंतीशी फतकल मारावी, तसं. त्यातून एक पंख दुसऱ्यापेक्षा खाली असेल, तर येणारा-जाणारा प्रत्येक जण सल्ला देऊन जातो, ‘बंजी बदला.’ बंजी म्हणजे पायांना धरून ठेवणाऱ्या रबराच्या रिंगा.

सल्ला बहुतेक वेळा बरोबर असतो. पण आमच्या बाबतीत तो अर्धाच बरोबर निघाला. आम्हा तिघांच्या मालकीचं १९४६ सालचं पायपर जे-३ कब पेनसिल्व्हेनियातल्या एका गवताळ धावपट्टीवर असतं. त्याचा डावा पंख खाली यायला लागला, तेव्हा आम्ही नवं रबर मागवलं, दोन शनिवार घाम गाळून ते बसवलं आणि विमान खाली ठेवलं. उंची वाढली, पण डावा पंख खालीच. खरं दुखणं होतं वाकलेल्या पायात आणि ते कापडाखाली झाकलेलं होतं. म्हणून या लेखात पान्याच्या आधी मोजपट्टी येते.

हे सगळं जे-३ कबबद्दल आहे. १९३८ ते १९४७ या काळात पेनसिल्व्हेनियातल्या लॉक हेवनच्या कारखान्यातून ही विमानं हजारोंनी बाहेर पडली आणि त्यांतली पुष्कळ अजून उडतात. त्याच घराण्यातल्या पीए-११, पीए-१२ यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. एरॉन्का चॅम्पच्या पायात मात्र तेल आणि स्प्रिंग असते. तिथे पाय बसला तर आधी तेलाची गळती शोधायची. सेस्ना १२० आणि १४० यांचा पाय म्हणजे पोलादाची लवचीक पट्टी. अमेरिकन विमानरचनाकार स्टीव्ह विटमनची ती कल्पना सेस्नानं घेतली. तिच्यात रबर नाहीच, त्यामुळे हा लेख त्या मालकांच्या फारसा कामाचा नाही.

हा पाय चालतो कसा

कबच्या पोटाखाली वाकून पाहा. दोन्ही बाजूंना पोलादी नळ्यांचा एकेक त्रिकोणी पाय दिसेल. वरची दोन टोकं विमानाच्या सांगाड्याला बिजागरीसारखी बोल्टनं जोडलेली, खालच्या टोकाला चाकाचा आस. नळ्यांमधली जागा कापडानं मढवलेली. पोटाच्या मधोमध खाली उतरलेला आणखी एक लहान ‘व्ही’ असतो, तो केबेन. तो हलत नाही. केबेनच्या टोकापासून प्रत्येक चाकाकडे एक तिरका दांडा जातो, तो शॉक स्ट्रट. हा दांडा अखंड नसतो. त्याचे दोन भाग एकमेकांत सरकतात आणि त्यांना धरून ठेवतात रबराच्या रिंगा, म्हणजेच बंजी.

विमान टेकलं की चाक वर आणि बाहेर ढकललं जातं. केबेन आणि चाक यांच्यातलं अंतर वाढतं, स्ट्रट लांबतो, रिंगा ताणल्या जातात. सगळी यंत्रणा एवढीच. तेल नाही, हवा नाही, सील नाही. १२२० पौंडांचं भरलेलं विमान प्रत्येक बाजूच्या दोन, म्हणजे एकूण चार रिंगांवर तोललेलं असतं.

रिंगेच्या आत रबराचे शेकडो बारीक धागे असतात आणि त्यांच्याभोवती विणलेलं आवरण. रबर सतत ताणाखाली असतं. विमान उडत नाही, नुसतं हँगरमध्ये उभं आहे, तेव्हासुद्धा. त्यामुळे ‘वर्षभरात वीसच तास उडवलं, बंजी नवीच आहे’ हा हिशेब चुकीचा. रबर तासांनी म्हातारं होत नाही, दिवसांनी होतं. त्यात कबच्या इंजिनाची श्वासनळी, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणारी नळी, पोटावर तेलाचा फवारा मारत असते. तेल, पेट्रोल आणि ओझोन रबराला खातात, ऊन आवरणाला.

रबर मागवण्याआधी मोजा

सपाट जागा शोधा. हँगरची फरशी सपाट वाटते, पण पाणी वाहून जावं म्हणून तिला दाराकडे उतार दिलेला असतो. लांब सरळ पट्टी आणि पाणसळ घेऊन, चाकं जिथे टेकतील त्या दोन जागा एका पातळीत आहेत का ते पाहा. नसतील तर खालच्या बाजूला प्लायवुडचे तुकडे सरकवा. एवढ्यासाठी कंटाळा करू नका. कबच्या पंखांचा विस्तार ३५ फुटांहून थोडा जास्त आणि दोन चाकांमधलं अंतर साधारण ६ फूट. म्हणजे चाकापाशी १ इंचाची तफावत असली, तर पंखांच्या टोकांच्या उंचीत जवळजवळ ६ इंचांचा फरक दिसतो. फरशीच्या पाऊण इंच उतारावर माणसं हजारोंचं सामान मागवतात.

मग दोन्ही टायरमधली हवा सारखी करा, टायरसाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे. कबचे मूळ टायर गलेलठ्ठ आणि कमी दाबाचे असतात. एकात हवा थोडी कमी असली तरी तो मुकाट बसतो आणि नजरेला काही कळत नाही.

इंधनाचा प्रश्न कबमध्ये सहसा येत नाही. मूळ टाकी वैमानिकाच्या पुढे, नाकात असते आणि तिचा काटा म्हणजे बुचाच्या तरंगावर डोलणारी तार. पंखात टाक्या बसवून घेतल्या असतील, तर मात्र दोन्ही रिकाम्या किंवा दोन्ही सारख्या भरलेल्या ठेवा.

आता एक गोष्ट बहुतेकांकडून राहते. विमान मागे ढकलून हँगरमध्ये लावलं की टायर जमिनीला चिकटून पायांना चुकीच्या जागी धरून ठेवतात. पाय फाकायला किंवा मिटायला टायर आडवा सरकावा लागतो आणि सिमेंटवर तो सरकत नाही. म्हणून मोजण्याआधी विमान दहा-पंधरा फूट पुढे ढकला. त्याहून बरं म्हणजे प्रत्येक चाकाखाली ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे दोन तुकडे, मध्ये ग्रीसचा थर. चाक पत्र्यांवर चढवा, पंखाच्या टेकूजवळ धरून विमान दोन-तीनदा हलकेच वर-खाली डोलवा आणि सोडून द्या. जिथे थांबेल ती खरी स्थिती.

वहीत लिहायच्या गोष्टी: पंखाच्या दोन्ही टोकांची जमिनीपासून उंची, पाय जिथे सांगाड्याला जोडला आहे त्या दोन्ही बोल्टांची उंची, चाकाच्या माथ्यापाशी आणि तळापाशी धरलेल्या उभ्या पट्टीचा कल, दोन्ही शॉक स्ट्रटची बोल्ट ते बोल्ट लांबी. शिवाय पंख्याचं, म्हणजे प्रोपेलरचं, पातं सरळ खाली आणून जमिनीपासूनचं अंतर, एकदा शेपूट खाली असताना आणि एकदा शेपूट घोडीवर ठेवून, उड्डाणाच्या स्थितीत. शेपटीला चाक असलेल्या विमानांना अमेरिकन नियमांत २०१७ पर्यंत उड्डाण घेतानाच्या स्थितीत हे अंतर ९ इंच धरलेलं होतं. कब त्याहून जुन्या नियमांखाली प्रमाणित झालं, पण आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. पाय बसले की पहिला धोका पंख्याला.

मोजलं, आता वाचा

दोन्ही बोल्ट सारखेच खाली आणि दोन्ही स्ट्रट सारखेच लांबलेले असतील, तर रबर थकलंय. हे सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत सर्रास दिसणारं.

एका बाजूचा स्ट्रट लांबलेला, दुसऱ्या बाजूचा नाही? लांबलेल्या बाजूच्या रिंगा गेल्यात किंवा दुसऱ्या बाजूचा स्ट्रट गंजानं, नाहीतर रंगाच्या थरानं जाम झालाय. ही दुसरी शक्यता लोकांना सुचतच नाही. जाम झालेला पाय ताठ उभा राहतो, म्हणून तोच निरोगी वाटतो. पंख धरून डोलवताना तो हलत नसेल, तर आजारी तो आहे.

दोन्ही स्ट्रट सारख्या लांबीचे, पण एक बाजू खाली? रबराला हात लावू नका. पाय वाकलाय, आस वाकलाय, बोल्टची भोकं लंबगोल झालीत किंवा केबेन एका बाजूला सरकलाय. आमच्या विमानात हेच होतं आणि स्ट्रटची लांबी आधी मोजली असती तर दहा मिनिटांत कळलं असतं. आमच्याकडे येण्यापूर्वी कधीतरी त्यानं जमिनीवर गिरकी घेतली असावी. शेपटीचाकी विमानांचा हा जुना आजार.

टायरही साक्ष देतात. पाय फाकले की चाकाचा माथा आत झुकतो आणि टायर आतल्या कडेवर झिजतो. दोन्ही टायर आतून सारखे झिजलेले असतील तर विमान वर्षानुवर्षं बसलेलंच उडत होतं.

सही कोणाची

अमेरिकेत हे काम मालकाला स्वतः करता येतं, हे अनेक मालकांना ठाऊक नसतं. तिथल्या नियमांच्या भाग ४३ च्या परिशिष्ट ‘ए’मध्ये प्रतिबंधात्मक देखभालीची यादी आहे. टायर बदलण्याच्या पाठोपाठ लँडिंग गिअरचे लवचीक शॉक कॉर्ड बदलणं तिच्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. वैमानिकाचं प्रमाणपत्र असलेल्या मालकानं स्वतःच्या, व्यावसायिक सेवेत नसलेल्या विमानावर ते करून स्वतः सही करावी. पण ही मुभा रबरापुरतीच. वाकलेली नळी सरळ करणं, वेल्डिंग, बुश बदलणं, सुरक्षेसाठी तारेचा जादा दोर बसवणं, यांतलं काही आलं की परवानाधारक मेकॅनिक हवा आणि तो वेल्डिंग जाणणारा हवा.

भारतात फ्लाइंग क्लबच्या आवारात एखादं पुष्पक उभं असेल आणि तुमच्या मनात असलं काही येत असेल, तर आधी एएमईला, म्हणजे परवानाधारक विमान देखभाल अभियंत्याला गाठा. पुष्पक हे विष्णु माधव घाटगे यांच्या काळात एचएएलनं बनवलेलं, १९५८ साली पहिल्यांदा उडालेलं, दोन आसनी आणि उंच पंखाचं विमान. कबच्याच पंथातलं, पण त्याच्या पायाचं काम त्याच्या स्वतःच्या पुस्तिकेप्रमाणेच व्हायला हवं.

काय आणायचं

पार्ट कॅटलॉगमध्ये तुमच्या विमानासाठी जी रिंग लिहिली आहे तीच. या घराण्यात सहसा १०८०एचडी असते आणि जड सुपर कबना जाडजूड १२८०एचडी. ‘जाड घातली तर पुन्हा बसणार नाही’ असा मोह होतो. तो टाळा. हलक्या विमानाला ताठ रबर घातलं तर धक्का रबरात जिरत नाही, सरळ सांगाड्याच्या जोडांत जातो. उतरताना विमान बेडकासारखं उड्या मारतं ते वेगळंच.

चारही रिंगा एकदम बदला. एक बाजू नवी आणि एक जुनी ठेवणं म्हणजे तिरकेपणा विकत घेणं. पाकीट उघडल्यावर आवरणात विणलेले रंगीत धागे पाहा. त्यांचा रंग बनावटीचं वर्ष आणि वर्षाचा चौथा हिस्सा सांगतो. वर्षाचे रंग पाच वर्षांच्या चक्रानं पुन्हा येतात, म्हणून विक्रेत्याकडून तारीख लेखी घ्या. नाहीतर पाच वर्षं फडताळात पडलेलं रबर ‘यंदाचं’ म्हणून गळ्यात पडायचं. घरी आणल्यावर अंधाऱ्या, थंड जागी, बंद पिशवीत ठेवा. बॅटरी चार्जर किंवा इलेक्ट्रिक मोटर जवळ नको, त्यांच्या ठिणग्यांतून ओझोन निघतो.

बाकी सामान: दोन मजबूत घोड्या, जॅक, गादीसाठी जुनी कांबळी, नवे बोल्ट-नट आणि स्प्लिट पिना, टाल्कम पावडर, जाड कापडी पट्टा, रॅचेटची ओढयंत्रणा, भक्कम व्हाईस, दहापट मोठं दाखवणारं भिंग, टॉर्च आणि डोळ्यांना गॉगल. गॉगलबद्दल मी पुढे पुन्हा बोलेन. शिवाय एक माणूस, जो फोन बाजूला ठेवू शकतो.

विमान उचलणं

रिकामं कब साधारण ३५० किलोंचं. म्हणूनच माणसं निष्काळजी होतात. सांगाड्याच्या नळ्या पातळ भिंतीच्या आहेत. जॅक नळीच्या मधल्या भागावर ठेवलात तर ती दबेल, आणि ते काम बंजीच्या शंभरपट महाग. भार नेहमी सांध्यावर, म्हणजे पाय जिथे जोडलेला आहे त्या जाड फिटिंगपाशी. घोडीवर लाकडी ठोकळा, त्यावर कांबळं. दुसरा मार्ग म्हणजे इंजिनच्या बैठकीच्या वरच्या नळ्यांना रुंद पट्टा गुंडाळून वरच्या तुळईवरून साखळी-पुलीनं नाक उचलणं. तेव्हा शेपूट जमिनीला बांधलेली हवी. पंख्याला दोर बांधून उचलू नका. असं करणारे भेटतात आणि त्यांना ते चुकतं आहे असं वाटत नाही, हाच त्रास.

आधी मॅग्नेटो बंद आणि इंधनाचा कॉक बंद. शेपटीच्या चाकाला पुढून-मागून पाचर. वादळी दिवशी हे काम हँगरबाहेर करूच नका.

चाकं जमिनीपासून दोन-तीन इंच सुटली की थांबा. रिंगांच्या ताणानं स्ट्रट पूर्ण मिटेल आणि पाय आत येऊन लोंबकळेल. ब्रेकची नळी कुठे ताणली जातेय का ते बघा. स्ट्रटचा बोल्ट निघाला की पाय आणखी खाली झोपेल आणि ती नळी तुटू शकते. म्हणून चाकाखाली लाकडाचे तुकडे रचून पायाला आधार द्या.

आणि मोबाईलवर फोटो काढा. सगळ्या बाजूंनी, रिंगा कशा बसल्यात, वॉशर कुठे किती, बोल्टचं डोकं पुढे की मागे. संध्याकाळी साडेसातला तो वॉशर हातात घेऊन तिघं जण तीन मतं मांडतात.

जुन्या रिंगा काढणं

चामड्याचं किंवा रेक्झिनचं आवरण उसवा. आत चिखल, गवत, कधी उंदराचं घरटं निघतं. स्प्लिट पिना काढा, नट ढिले करा. मग बोल्ट बोटांनी फिरतो का पाहा. फिरत नसेल तर हातोडी उचलू नका, त्याच्यावर पायाचं वजन आहे. जॅक पाव इंच वर किंवा खाली करत जा. एका क्षणी बोल्ट आपोआप सैल होतो आणि तुपातून निघाल्यासारखा बाहेर येतो. आधी चाकाकडचा बोल्ट, मग केबेनकडचा. स्ट्रट हातात आला की टेबलावर.

स्ट्रट मिटलेला असला तरी रिंगा ताणलेल्याच आहेत, हे विसरू नका. व्हाईसच्या जबड्यात लाकडाच्या पट्ट्या घालून स्ट्रट धरा. गॉगल लावा. रिंगेवर जाड गोधडी टाका आणि फक्त जिथे कापायचं तेवढीच जागा उघडी ठेवा. धारदार सुरीनं, अंगापासून दूर, एकेक थर कापत जा. आवरण तुटलं की आतले धागे तडतडत सुटायला लागतात. सुटताना ते चाबकासारखे येतात. चेहरा त्या रेषेत नको.

तुटलेल्या रिंगेकडे एकदा नीट बघा. रबर बोटांनी चुरगळलं तर पिठासारखं झडतं का? तेलात भिजून फुगलंय का? एका जागी आवरण फाटून धागे डोकावत असतील, तर त्या जागेसमोरच्या धातूवर धारदार कड शोधा. ती तशीच ठेवलीत तर नवी रिंगही तिथेच फाटेल.

खरी तपासणी आता

पाय मोकळा आहे, स्ट्रट बाहेर आहे. अशी संधी पुन्हा काही वर्षं येणार नाही. मी तर म्हणेन, बंजी बदलणं हे या तपासणीचं निमित्त आहे.

पाय हातानं पुढे-मागे हलवा. वरच्या बिजागरीच्या बोल्टांत खडखड जाणवली तर ते काढून पाहा. दांड्यावर नखाला लागणारी खाच असेल तर बोल्ट रद्द. भोक लंबगोल असेल तर ते काम मेकॅनिकचं.

मग पायावरचं कापड. त्यावर तिरकी सुरकुती असेल तर खालची नळी हलली आहे असं समजा. आम्ही ती सुरकुती दोन वर्षं पाहत होतो आणि ‘कापड जुनं झालं’ म्हणत होतो. शंका असली तर कापड कापा. नवं कापड लावायला एक दिवस लागतो. नळीला सरळ पट्टी लावून चारही बाजूंनी फट पाहा. खालच्या टोकाला, आसाजवळ, पाणी साठून आतून गंज चढतो. तिथे बोथट पंचनं हलकेच टकटक करा. चांगली नळी खणखणीत बोलते, गंजलेली बद्द. पंच आत रुतला तर त्या दिवशीचं काम संपलं.

आसाच्या वेल्डजवळचा रंग खरवडून भिंगातून पाहा. केबेनच्या टोकाकडेही तसंच, कारण दोन्ही पायांचा ताण तिथे एकत्र येतो. केसाएवढी रेघ दिसली आणि ती रंगाची की धातूची असा वाद झाला, तर रंगद्रव्याची चाचणी करा. लाल द्रव फटीत शिरतो, वरचं पुसून पांढरा फवारा मारला की रेघ परत उमटते. वाद मिटतो.

स्ट्रटचे दोन भाग आता रबराशिवाय हातानं सरकले पाहिजेत. अडत असतील तर उलगडा, गंज आणि रंग काढा, आतल्या बाजूला पुस्तिकेत सांगितलेलं वंगण, तेही रबराला लागणार नाही एवढंच. रिंगा ज्यांच्यावर अडकतात त्या खुंट्यांच्या कडा बारीक एमरीनं गोल करा.

चाकांची दिशा पाहायची असेल तर विमान उड्डाणाच्या स्थितीत ठेवून, नाक आणि शेपूट यांच्या मध्यावरून ओळंबे सोडा आणि फरशीवर खडूच्या सुतानं मध्यरेषा मारा. प्रत्येक चाकाला सरळ पट्टी लावून, पुढच्या आणि मागच्या टोकाचं त्या रेषेपासूनचं अंतर मोजा. ही मापं विमान चाकांवर उभं असताना घ्यायची, म्हणजे काम सुरू करण्याआधी किंवा संपल्यावर. कबच्या आसाला पाचर घालून दिशा बदलायची सोय नाही, तो वेल्ड केलेला आहे. दिशा चुकलेली निघाली तर पाय काढून साच्यावर बसवणाऱ्या कारागिराकडे न्यायचा. आमचा पाय तसाच गेला आणि तीन आठवड्यांनी सरळ होऊन आला.

नव्या रिंगा चढवणं

आता मेहनतीचा भाग. ताज्या रिंगेचा जोर पहिल्यांदा हातात घेतल्यावर कळतो. दोन माणसांनी नुसत्या हातानं ती चढत नाही. स्क्रू-ड्रायव्हर घालून टायरसारखी चढवायचा प्रयत्न केलात, तर आवरण फाटेल आणि स्क्रू-ड्रायव्हर कोणाच्या तरी दातांवर येईल.

पहिली पद्धत ओढण्याची. स्ट्रट व्हाईसमध्ये आडवा पक्का धरा, टेबल भिंतीला किंवा खांबाला बांधलेलं हवं. रिंगेला सढळ टाल्कम पावडर चोळा. साबण, तेल, ग्रीस काही नाही. रिंगेचं एक टोक खुंटीवर बसवा. दुसऱ्या टोकात रुंद कापडी पट्टा ओवा, तो रॅचेटला जोडा आणि रॅचेट समोरच्या खांबाला. एकेक दात ओढत जा. रिंग दुसऱ्या खुंटीच्या पलीकडे पोचली की मदतनीस लाकडी दांडक्यानं ती खुंटीवर ढकलतो. खुंटीच्या टोकावर चपखल बसणारा, बाहेरच्या बाजूला निमुळता होत जाणारा लाकडी किंवा नायलॉनचा शंकू बनवून घेतलात तर रिंग त्यावरून घरंगळत जागेवर जाते. मग रॅचेट हळू सोडा, एकदम नाही.

दुसरी पद्धत फाकवण्याची. पोलादी चॅनेलचे दोन तुकडे रिंगेच्या आत घालून, त्यांच्यामध्ये छोटा बाटली-जॅक ठेवून रिंग ताणतात आणि ताणलेली रिंग तशीच स्ट्रटवर सरकवतात. यासाठी चौकट बनवावी लागते. ती नीट वेल्ड केलेली आणि जॅक निसटू नये अशी कड असलेली हवी. जवळपास कोणी कबवाला असेल तर त्याच्याकडे ती असतेच. मागून आणा. जून महिन्यात लॉक हेवनला कबवाल्यांचा मेळा भरतो, तिथे दहा जणांची दहा हत्यारं पाहायला मिळतात आणि प्रत्येकाला आपलंच श्रेष्ठ वाटतं.

पहिली रिंग चढली की दुसरी आणखी कठीण जाते, कारण जागा कमी उरते. इथे थकून घाई होते. चहा प्या. दोन्ही रिंगा जागेवर आल्या की त्या पीळ न पडता, एकमेकींवर न चढता बसल्यात का ते पाहा. मुरडलेली रिंग एका बाजूनं जास्त ताण घेते आणि लवकर जाते.

जोडणी

स्ट्रट परत नेताना आधी केबेनकडचा बोल्ट, मग पाय जॅकनं किंचित वर घेत चाकाकडची भोकं जुळवा. भोकं जुळवायला बोल्टच ठोकायचा नाही, निमुळता पंच वापरा. इथे सांधा फिरता आहे, म्हणून खाचेचा नट आणि स्प्लिट पिन. नुसत्या नायलॉनच्या लॉकनटवर फिरता सांधा सोडत नाहीत. नट इतकाच आवळा की सांधा फिरेल पण खडखडणार नाही, आणि पिन नवीच घाला.

चामड्याचं आवरण खालून थोडं उघडं ठेवा, आत पाणी साठू नये. इंजिनाच्या श्वासनळीचं तोंड बंजीच्या दिशेला असेल तर मेकॅनिकशी बोलून ते वळवून घ्या. नव्या रबराला तेलाची अंघोळ घालण्यात अर्थ नाही.

टेकल्यावर

विमान खाली घेतलं की धक्का बसेल. ते उंच, ताठ आणि किंचित गुडघे जुळल्यासारखं दिसेल, चाकांचे तळ आत आणि माथे बाहेर. हे ठीक आहे. दोन माणसं आणि इंधन चढलं की चाकं उभी होतात. पत्र्यांवर ठेवून, डोलवून, पुन्हा तीच सगळी मापं घ्या आणि जुन्या आकड्यांशेजारी लिहा. एक रात्र तसंच राहू द्या, सकाळी परत मोजा. नवं रबर थोडं बसतं.

नंतर जमिनीवर हळू फिरवा, दोन्ही बाजूंना वळा, ब्रेक लावा, थांबून पोटाखाली पाहा. पहिली काही उतरणी एकट्यानं, मागच्या आसनावरून, वारा नसताना करा. नाक आधीपेक्षा उंच असल्यामुळे पुढचं आणखी कमी दिसेल आणि तिन्ही चाकं एकदम टेकवण्याचा अंदाज दोन-चार वेळा चुकेल. उडी जरा जास्त घेईल. पाच-सहा उतरणी झाल्या की नट, पिना आणि रिंगा पुन्हा तपासा.

शेपूटही एकदा पाहून घ्या. तिथल्या पट्ट्यांची स्प्रिंग सपाट झाली, तर शेपटीच्या चाकाच्या उभ्या पिनचा माथा पुढे झुकतो आणि जमिनीवर ते चाक थरथरायला लागतं. पुढचे पाय उंच केल्यावर शेपटीवरचा भारही थोडा बदलतो, म्हणून आधी गप्प असलेली थरथर आता दिसू शकते. ती बंजीची चूक नाही.

लॉगबुकात काम काय केलं, रिंगेचा क्रमांक, बनावटीचा तिमाही-वर्ष, तारीख, सही, प्रमाणपत्राचा प्रकार आणि क्रमांक लिहा. चामड्याच्या आवरणाच्या आतल्या बाजूला बॉलपेननं महिना-वर्षही लिहून ठेवा, लॉगबुक कपाटात असतं आणि विमान हँगरमध्ये. हिवाळ्यात विमान चार महिने उभं राहणार असेल, तर फिटिंगखाली घोड्या लावून पायांवरचा भार काढा. आम्ही दर डिसेंबरात तसं करतो आणि वहीचं तेच पान उघडून पंखांच्या दोन्ही टोकांची उंची परत लिहितो. गेल्या खेपेला फरक पाऊण इंच आला. बोल्टांची उंची सारखीच होती. तो पाऊण इंच फरशीचा निघाला.